ड्युअलीचा डाना ६० पुढचा अ‍ॅक्सल जुन्या महिंद्रा जीपला: घ्यावा का, आणि घेतला तर काय काय करावं लागतं

मागे जोडचाकं असलेल्या अमेरिकन ट्रकचा, म्हणजे 'ड्युअली'चा, पुढचा अ‍ॅक्सल विकायला आला की बघणाऱ्याची नजर आधी त्याच्या जाड नळीवर आणि गोळ्यावर (डिफरन्शियलचे गिअर असलेल्या फुगीर घरावर) जाते. आधी हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, बघायला हवा. नळी, गोळा, आतले शाफ्ट हे सगळं साध्या चार चाकी एक-टनी ट्रकच्या डाना ६० सारखंच (डाना कंपनीच्या ६० क्रमांकाच्या मालासारखंच) असतं. ड्युअलीचं वेगळेपण हबच्या तोंडापाशी आहे. आणि अ‍ॅक्सल जीपखाली घातल्यावर बेअरिंग लवकर का जातं, स्टिअरिंग हाताला का मारतं, दगडी गडग्याला हब का घासतो, या तिन्ही प्रश्नांचं उत्तरही तिथेच सापडतं.

हे परीक्षण शेवरोले के-३० च्या पुढच्या डाना ६० चं आहे, १९७७ नंतरच्या किंगपिनवाल्या मालाचं (किंगपिन म्हणजे ज्या उभ्या खिळीवर चाक वळतं ती). फोर्ड एफ-३५० च्या १९८५ ते १९९१ या काळातल्या अ‍ॅक्सलशी जागोजागी तुलना केली आहे, कारण जुन्या मालात हे दोनच जास्त फिरतात आणि विकणारा दोन्हींना नुसतं 'डाना ६०' म्हणतो. जीपला बसवताना मात्र दोघांत खूप फरक पडतो.

गोळा कुठल्या बाजूला

विलिसच्या वंशातल्या जीपा, म्हणजे डाना १८ जातीची ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सचा जोर पुढे-मागे वाटणारी पेटी) असलेल्या आपल्या जुन्या महिंद्रा, यांचा पुढचा गोळा उजवीकडे असतो. के-३० चाही गोळा उजवीकडे. फोर्डचा डावीकडे. एवढ्या एका गोष्टीवर निम्मा निर्णय होतो. फोर्डचा अ‍ॅक्सल घ्यायचा तर ट्रान्सफर केसही बदलावी लागते, आणि मग काम अ‍ॅक्सल बदलण्यापुरतं राहत नाही, गाडी नव्याने बांधायला घेतल्यासारखं होतं.

फोर्डच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे, ती सांगायलाच हवी. त्याचा पिनियन (प्रोपेलर शाफ्टने फिरणारं लहान दातेरी चाक) वरच्या अंगाला असतो आणि दात उलट कापलेले असतात. त्यामुळे पुढे जाताना क्राऊनच्या (पिनियन फिरवतो त्या मोठ्या दातेरी चाकाच्या) दाताची मजबूत बाजू जोर घेते आणि प्रोपेलर शाफ्टही दगडांपासून वर राहतो. के-३० चा पिनियन खालच्या अंगाला. पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये तो दाताच्या मागच्या, कमी मजबूत बाजूवर चालतो. तरीही क्राऊन पावणेदहा इंची, म्हणजे २४८ मिमी. जीपवर्गातल्या डाना ४४ चा साडेआठ इंची, म्हणजे २१६ मिमी. आतले शाफ्ट ३५ स्प्लाइनचे (टोकाच्या खाचांचे), हबकडचे आखूड शाफ्ट, म्हणजे स्टब, ३०चे. जीपच्या वजनाला आणि डिझेल इंजिनाच्या जोराला कमी मजबूत बाजूही पुरून उरते. उजव्या गोळ्यामुळे जी सोय होते तिच्यासाठी के-३० घेणं आम्हाला पटतं.

हब

ड्युअलीच्या मागे दोन चाकं पाठीला पाठ लावून बसतात. त्यासाठी रिमची थाळी एका कडेला खूप सरकवलेली असते. स्टेपनी एकच पुरावी म्हणून पुढेही तेच रिम लावतात, फक्त थाळी बाहेरच्या अंगाला येते. मग टायर जागेवर राहायचा तर हबचं तोंड चार-पाच इंच बाहेर न्यावं लागतं. ट्रकच्या पुढच्या चाकातून हब टोपीसारखा बाहेर आलेला दिसतो, तो याच कारणाने.

आता जीपला हा अ‍ॅक्सल घातला आणि त्या लांब हबवर साधं, थाळी मधोमध असलेलं रिम लावलं, तर टायर तितकाच बाहेर जातो. किंगपिनची रेघ जमिनीला टेकते तिथून टायरचा मध्य दूर पडतो. एक चाक दगडाला आपटलं की तो लांब हात स्टिअरिंगला झटका देतो. वजनाचा भार दोन बेअरिंगांच्या मध्ये पडायचा, तो बाहेरच्या बेअरिंगच्याही पलीकडे जातो. बेअरिंग तेच, भार तोच, नुसता हात लांबला. बाहेरचं बेअरिंग निळं पडून निघतं आणि दोष बेअरिंगच्या कंपनीला दिला जातो.

ड्युअलीचं रिमच ठेवलं तर भूमिती बरोबर राहते, पण हब बाहेर आलेलाच राहतो. अमेरिकेच्या रुंद रस्त्यावर त्याचं काही नाही. आपल्याकडे कोकणात पाणंदीत दोन्ही अंगांना जांभ्याचे गडगे, मध्ये जेमतेम गाडीपुरती वाट, आणि चालकाचा अंदाज टायरच्या भिंतीवरून. टायर वाचतो आणि लॉकिंग हबची (चाक शाफ्टला जोडण्या-सोडण्याच्या हबची) डायल चिऱ्याला घासून जाते. जांभा दिसायला मऊ असतो, पण त्यातले लोहाचे खडे अ‍ॅल्युमिनियमच्या डायलला कानशीसारखे खातात.

म्हणून आमचं स्पष्ट मत: हब साध्या चार चाकी ट्रकचा करून घ्यावा. काही अ‍ॅक्सलवर तो बाहेरचा भाग वेगळा जोडतुकडा असतो, बोल्ट खोलले की निघतो आणि खाली साधं तोंड मिळतं. मग फक्त चाक धरणाऱ्या स्टडची लांबी तपासायची. नट पूर्ण बसून स्टडचे दोन-तीन आटे बाहेर दिसले पाहिजेत. काहींचा हबच लांब ओतलेला असतो. तिथे हब आणि डिस्क दोन्ही बदलावे लागतात, आणि हा खर्च अ‍ॅक्सलचा भाव ठरवतानाच धरायचा. विकत घ्यायच्या आधी चाक काढायला लावून हे डोळ्यांनी बघा. फोटोत कळत नाही. लांब हब लेथवर कापून आखूड करण्याचा सल्लाही मिळतो. तो ऐकू नये. तोंड कापलं की स्टड धरणारी जाडी जाते.

स्टडांची मांडणी आठ, साडेसहा इंच वर्तुळावर, म्हणजे १६५.१ मिमी. जीपची पाच, साडेपाच इंचावर. म्हणजे पुढची आणि मागची चाकं एकमेकांना लागणार नाहीत आणि दोन स्टेपन्या वागवाव्या लागतील. म्हणून मागचा अ‍ॅक्सलही आठ स्टडचा करण्याकडेच काम जातं. के-३० चा मागचा चौदा बोल्टवाला अ‍ॅक्सल सोबत स्वस्तात मिळतो हे खरं, पण त्याचा गोळा मध्यावर आणि डाना १८ चं मागचं तोंड उजवीकडे. मागचा शाफ्ट आडवाही तिरका जातो आणि क्रॉस (शाफ्टच्या टोकाचे सांधे) लवकर जातात. हे आधीच ठरवून घ्या. अर्ध्या कामात कळलं तर गाडी पावसाळाभर ठोकळ्यांवर उभी राहते.

जुना माल घेताना

रेशो (क्राऊनच्या एका फेऱ्याला पिनियनचे किती फेरे) आधी. दोन्ही लॉकिंग हब लॉक करा, एक चाक पक्कं धरून ठेवा, दुसरं बरोबर दोन फेरे फिरवा आणि पिनियनच्या फ्लँजवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. चार आणि जरासा जास्त आला तर ४.१०, साडेचारच्या थोडा पुढे आला तर ४.५६. आत लॉकर असेल तर दोन्ही चाकं एकत्र फिरतात, तेव्हा एकच फेरा द्यायचा. जुन्या जीपा बऱ्याचदा ४.८८ किंवा ५.३८ वर असतात. पुढे ४.१० आणि मागे ४.८८ ठेवून फोर-व्हील लावलं तर पुढच्या-मागच्या फिरण्यात १९ टक्क्यांचा फरक पडतो. चिखलात टायर घसरून तो पचतो, कातळावर ट्रान्सफर केस फुटते.

रेशो बदलायचा असेल तर डाना ६० ची एक खोच लक्षात ठेवा. ४.१० आणि त्याखालच्या गिअरचा कॅरिअर (क्राऊन ज्यावर बसतो तो सांगाडा) वेगळा, ४.५६ आणि वरच्याचा वेगळा. ४.१० चा अ‍ॅक्सल घेऊन त्यात ४.८८ घालायचे तर नुसता क्राऊन-पिनियन आणून भागत नाही, कॅरिअर किंवा जाड क्राऊन लागतो. हातात ४.५६ चा अ‍ॅक्सल येत असेल तर थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

किंगपिन. चाक उचलून वर-खाली, घड्याळातल्या बारा आणि सहावर धरून हलवा आणि दुसऱ्याला मागून बघायला सांगा. नकलसकट (किंगपिनवर वळणाऱ्या, हब धरणाऱ्या तुकड्यासकट) सगळं हलत असेल तर खेळ किंगपिनमध्ये, नकल स्थिर राहून हब हलत असेल तर चाकाच्या बेअरिंगमध्ये. वरच्या किंगपिनवर एक बुश आणि त्याला दाबून ठेवणारी स्प्रिंग असते. बुश झिजला की गाडी एका ठरावीक वेगाला पोहोचल्यावर स्टिअरिंग थरथरायला लागतं, आणि ते थांबवायला लोक डँपर लावतात. डँपरने रोग लपतो. खालचं किंगपिन बेअरिंग सगळ्यात खाली असल्याने पाणी तिथेच साचतं. टाय रॉड (दोन्ही नकल जोडणारी दांडी) सोडून नकल हाताने डावी-उजवीकडे फिरवा. सरळ रेषेवर आल्यावर खाचेत अडकल्यासारखी जाणवली तर बेअरिंगच्या वाटीत रोलरचे ठसे उमटले आहेत. असं बेअरिंग वाटीसकट बदलायचं.

वरचा किंगपिन नकलच्या आतल्या सी-आकाराच्या तुकड्यात आटे पाडून बसवलेला असतो आणि त्याची पकड ६८० ते ८१० न्यूटन-मीटर. त्याला ७/८ इंची षटकोनी साधन लागतं, आणि साध्या टॉर्क रेंचने हे माप गाठता येत नाही. कोकणात हे काम ट्रक-बसची चाकं खोलणाऱ्यांच्या मोठ्या पान्यावर करावं लागतं, नाहीतर घाट चढून कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात न्यावं. 'हाताच्या अंदाजाने घट्ट केलं' हे उत्तर इथे चालवून घेऊ नका.

झाकण उघडून ऑइल बघा. चहासारखं गढूळ असेल तर पाणी गेलेलं आहे. क्राऊनच्या दातांवर गंजाची रेघ असेल आणि ती दाताच्या माथ्यापुरतीच असेल तर चालतं. दाताच्या तोंडावर खड्डे दिसले तर क्राऊन-पिनियन नवीन धरून भाव करा. चुंबकावर काळा चिखल असणं ठीक, चकचकीत कपचा असू नये.

बसवणं

या अ‍ॅक्सलचं वजन दोनशे किलोच्या वर आहे. दोन माणसं आणि एक जॅक हे त्याचं साधन नव्हे. चेन पुली हवी आणि खाली ठोकळे हवेत.

रुंदीने पहिला धक्का बसतो. जुन्या जीपचा ट्रॅक ४९ इंचांच्या आसपास. हा अ‍ॅक्सल साध्या हबवरही साठ इंचांच्या बराच पुढे जातो. उजवी नळी आधीच आखूड असल्याने कापायची तर डावी, लांब नळी. नळी कापली की आतला डावा शाफ्टही आखूड करून नवे ३५ स्प्लाइन पाडावे लागतात. जुना शाफ्ट मधोमध कापून वेल्ड करणं हा गुन्हा समजावा. मिश्रधातूचा नवा शाफ्ट मापाने करून घ्या. अ‍ॅक्सल पूर्ण रुंदीचा ठेवून मडगार्ड रुंद करणं स्वस्त पडतं. चिखलात आणि आडव्या उतारावर रुंद गाडी जास्त स्थिर असते. आमचा कल रुंदी तशीच ठेवण्याकडे आहे.

पाट्यांची, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांची, गोष्ट वेगळी. के-३० च्या पाट्यांच्या बैठकींमधलं अंतर साडेएकतीस इंच, म्हणजे ८०० मिमी. जीपचे पाटे त्याहून जवळ. जीपचे पाटे आहेत तिथेच ठेवायचे तर उजवी बैठक गोळ्याच्या ओतीव लोखंडावर येते. ओतीव लोखंडाला साध्या रॉडने मारलेला वेल्ड थंड होतानाच कडेने तडकतो. तडा रंगाखाली दिसत नाही, पहिल्या पावसानंतर गंजाची बारीक रेघ उमटते तेव्हा कळतं. तापवून, निकेल रॉडने, राखेत गुंडाळून हळू निववत करणारे कारागीर आहेत, पण सगळ्यात चांगला मार्ग पाटे बाहेर काढण्याचा. चेसिसला नवे हँगर आणि शॅकलच्या बैठकी करून पाटे अ‍ॅक्सलच्या मापाला आणायचे. चेसिसवर आतून प्लेट मारून जोर वाटून द्यायचा. कुडाळ किंवा मिरजोळे औद्योगिक वसाहतीत प्लेट कापून, वाकवून मिळण्याची सोय होते. त्यासाठी पुठ्ठ्याचा साचा घेऊन जावं, तोंडी माप सांगू नये.

बैठकी आधी नुसत्या टॅक करायच्या, म्हणजे वेल्डच्या ठिपक्यांवर धरून ठेवायच्या. मग इंजिन, गिअरबॉक्स, बॅटरी, बंपर, विंच असं पुढचं सगळं वजन गाडीवर चढवायचं, चारही चाकं जमिनीवर टेकवायची, गाडी हलवून पाटे बसू द्यायचे आणि मग पिनियनचा कोन मोजायचा. दोन टोकांना एकेक क्रॉस असलेला साधा शाफ्ट असेल तर पिनियनचा फ्लँज आणि ट्रान्सफर केसचा फ्लँज एकमेकांना समांतर. ट्रान्सफर केसच्या टोकाला दुहेरी क्रॉस असेल तर पिनियनची नाक सरळ त्याच्याकडे. गाडी ठोकळ्यावर लोंबकळत असताना हा कोन मोजून पक्का वेल्ड मारणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. गाडी खाली उतरल्यावर दोन-तीन अंश फिरलेले असतात आणि शाफ्ट घुमायला लागतो.

पिनियनची नाक एक अंश वर केली की कॅस्टर (किंगपिनच्या रेघेचा मागे झुकाव) एक अंश कमी होतो, कारण नकल धरणारे सी-तुकडे नळीला वेल्ड केलेले असतात आणि सगळं एकत्र फिरतं. खालच्या पिनियनच्या के-३० ला आखूड जीपमध्ये नाक बरीच उचलावी लागते. मग कॅस्टर शून्याकडे जातो, स्टिअरिंग वळल्यावर आपण होऊन सरळ येत नाही आणि गाडी रेषेत धावत नाही. उपाय एकच: सी-तुकड्यांचा वेल्ड घासून काढायचा, तुकडे नळीवर फिरवून चार ते सहा अंश कॅस्टर आणायचा, दोन्ही बाजू अंशाच्या आत सारख्या ठेवायच्या आणि पुन्हा वेल्ड मारायचा. हे काम सोपं नाही आणि त्याची मजुरी वाचवण्यातही अर्थ नाही.

पक्का वेल्ड मारताना एका दमात पूर्ण शिवण घालू नका. इंच-दीड इंच इकडे, मग तिकडे, हात लागेल इतकं निवू द्या, मग पुढचा. सी-तुकड्याची आणि बैठकीची शिवण एकदम घातली तर अर्धा इंची भिंतीची नळीसुद्धा वाकते. आधी आणि नंतर दोरी ताणून किंवा सरळ पट्टी लावून तपासा. रॉड कमी हायड्रोजनचा ७०१८, आणि तो ओव्हनमधून किंवा निदान निखाऱ्यावर वाळवून काढलेला. जुलै महिन्यात पुडा उघडा ठेवला की संध्याकाळपर्यंत त्याचं काम संपतं, वेल्डात बुडबुडे येतात.

उजव्या हाताचं स्टिअरिंग

हा अ‍ॅक्सल डाव्या हाताने चालवायच्या गाडीचा. के-३० मध्ये स्टिअरिंगचा हात डाव्या नकलच्या वर असतो आणि त्याला स्टिअरिंगच्या पेटीकडून येणारी दांडी पुढे-मागे ढकलते. आपल्याकडे पेटी उजवीकडे. उजवीकडून आडवी दांडी डाव्या नकलपर्यंत न्यायची, म्हणजे हात हवा आहे तो डाव्या नकलवरच. के-३० इथे आपल्या कामाला येतो. जागा तीच, वरची टोपी चार स्टडची, फक्त पुढे-मागे ढकलण्याच्या घडणीचा जुना हात काढून आडव्या दांडीला जुळणारा हात घालायचा. तो घडीव किंवा जाड प्लेटमधून मशीनवर कापलेला असावा. वेल्ड करून जोडलेला हात नको, कारण तो तुटला की चाक आणि स्टिअरिंग यांचा संबंध संपतो.

दांडी शक्य तितकी आडवी आणि टाय रॉडला समांतर. उजवीकडे गोळा, त्यावर पाटा, त्यावर पेटी अशी दाटी असते. पाटे पूर्ण दबले की दांडी गोळ्याला लागते का हे पाट्यांच्या पट्ट्या काढून, गाडी बंपस्टॉपवर बसवून बघा. नुसत्या नजरेवर सोडू नका. चाकं दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही बघा.

जीपची मूळ पेटी या टायरांसाठी नाही. पॉवर स्टिअरिंगची पेटी लागते आणि ती जिथे बसते तिथे चेसिसला आडवी नळी घालून बोल्ट घ्यावे लागतात. नाहीतर चेसिसची पातळ भिंत बोल्टभोवती तडकते.

ब्रेक

पुढे डिस्क येतात. जीपचा ड्रमचा मास्टर सिलिंडर तसाच ठेवला तर ओळीत ड्रमसाठी ठेवलेला उरलेला दाब कॅलिपरला सुटू देत नाही. डिस्क घासत राहते, हब तापतो. तो तापलेला हब ओढ्यात उतरला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी ओढून घेते. म्हणजे ब्रेकच्या चुकीचा परिणाम बेअरिंगवर दिसतो. पुढे डिस्क, मागे ड्रम अशा गाडीचा दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर घ्या. बूस्टर लावायचा तर लक्षात ठेवा, डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डातून व्हॅक्यूम मिळत नाही, वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. रबरी ब्रेक होज चाक पूर्ण खाली लोंबल्यावरही ताणला जाणार नाही इतका लांब ठेवा.

गिअर आणि बेअरिंगची मापं

क्राऊन-पिनियन बसवताना मधला खेळ ०.१३ ते ०.२० मिमी. दातावर पिवळा रंग लावून ठसा काढा. तो दाताच्या कडेला न जाता मध्याच्या आसपास आला पाहिजे. ठसा न काढता 'आवाज येत नाही' म्हणून बंद केलेला गोळा पहिल्या उन्हाळ्यात बोलायला लागतो. झाकण बंद करून ८०डब्ल्यू-९० जीएल-५ ऑइल, पातळीच्या भोकापर्यंत. साधारण पावणेतीन लिटर जातं. पिनियन बराच वर उचलला असेल तर त्याच्या बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचावं म्हणून पातळी थोडी वर घ्यावी लागते.

चाकाचं बेअरिंग: आतला नट हब फिरवत ७० न्यूटन-मीटरपर्यंत घट्ट करायचा, मग फेऱ्याचा आठवा हिस्सा ते पाव फेरा सोडायचा, लॉक वॉशर घालायचा, बाहेरचा नट घट्ट. हाताला जाणवेल न जाणवेल इतका खेळ राहिला पाहिजे. अजिबात खेळ नसेल तर घाटात तापून ग्रीस वितळतं. स्पिंडलच्या आतल्या तोंडाशी स्टबला आधार देणारं सुईचं बेअरिंग असतं, त्याकडे कोणी बघत नाही. तिथलं ग्रीस वाळलं की ते शाफ्टलाच खातं. प्रत्येक पावसाळ्याच्या आधी स्पिंडल काढून तिथे पाण्याला टिकणारं ग्रीस भरा.

ब्रीदरची, म्हणजे गोळ्यातल्या हवेला वाट देणारी, नळी गोळ्यावर सोडू नका. रबरी होज लावून इंजिनाच्या भिंतीपर्यंत वर न्या. ओढ्यात, खाजणात काम करणाऱ्या गाडीला याहून स्वस्त विमा नाही. खारं पाणी लागलं असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः कॅलिपरच्या सरकत्या पिना आणि लॉकिंग हबची डायल. खाऱ्या हवेत या दोन गोष्टी सगळ्यात आधी अडकतात.

कोणी घेऊ नये

मूळ डिझेल इंजिन, तीस इंची टायर आणि बागायतीतली कामं एवढंच असेल तर घेऊ नका. दीड टनाच्या आतल्या गाडीला एवढं वजन खाली लटकवलं की ती जड होते, दगडांवर आपटते, आणि अ‍ॅक्सलची ताकद कधी वापरलीच जात नाही. शिवाय अ‍ॅक्सल मोडायचा थांबला की मोडण्याची जागा पुढे सरकते: आधी प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, मग ट्रान्सफर केस. पस्तीस इंचाच्या वरचे टायर, पुढे लॉकर आणि विंच असलेल्या गाडीला मात्र हा अ‍ॅक्सल मनापासून सुचवतो. गोव्यात २०१४ मध्ये सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या पावसाळी स्पर्धांत जे काम असतं, त्याला हा तोलामोलाचा आहे. खर्चाचा अंदाज बांधताना अ‍ॅक्सलच्या किमतीइतकेच पैसे हब, शाफ्ट, स्टिअरिंग, ब्रेक आणि रिमसाठी पुन्हा बाजूला काढा.

आणि रस्ता. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसंच ठरवलं. अशी जीप ट्रेलरवरून न्यायची आणि खासगी जागेत किंवा स्पर्धेतच चालवायची. एमएच-०७ असो की एमएच-०८, हायवेवर अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न याच अ‍ॅक्सलचा काढेल, आणि समोरच्या गाडीतल्या माणसाला त्याची शिक्षा होऊ नये.

काम पूर्ण झाल्यावर पहिले ५० किलोमीटर झाले की सगळे यू-बोल्ट पुन्हा घट्ट करा, चाकांच्या नटांसकट. नव्या बैठकीवर पाटा बसतो आणि यू-बोल्ट ढिले पडतात, ढिल्या यू-बोल्टने पाट्याचा मधला बोल्ट तुटतो आणि अ‍ॅक्सल मागे सरकतो. ५०० किलोमीटरला गोळ्याचं ऑइल काढून नवीन भरा, चुंबक पुसा, आणि नकलच्या हाताचे चार स्टड टॉर्क रेंचने तपासा.